सकाळची पहिली फुंक

मंदा, परवा तुझा नवरा ऑफिसात आला होता. तुझी सर्व्हेची खाकी पिशवी परत करायला. तू जाऊन सतरा दिवस झाले आणि सुरेशला काळजी कशाची, तर सरकारी वस्तू घरात राहिली आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं. मी म्हटलं, "कोण विचारतंय? तुम्ही बसा तरी." तो बसला नाही. चहाही घेतला नाही. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, तिचा तुटलेला बंद गुंडाळून आत खोचला आणि निघून गेला. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही, आणि ते बरंच झालं.

इथे सगळे आता तुझ्याबद्दल चांगलं बोलताहेत. साहेबांनी सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळली. "हसतमुख, कष्टाळू" असं काहीतरी म्हणाले. तू भांडखोर होतीस, तोंडाने फाटकी होतीस आणि दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता खायचीस, हे कोणी बोललं नाही. साहेबांना "तुमचा फॉर्म वस्तीतल्या बाईने वाचला तर ती तुम्हालाच दवाखान्यात घालेल" असं तोंडावर सांगणारी तूच होतीस, हेही कोणाला आठवलं नाही. मी ती दोन मिनिटं साहेबांच्या मागच्या कपाटाकडे बघत उभी होते. त्या कपाटात मीटर आहे.

ते मीटर माझ्या डोक्यातून जात नाही गं. म्हणून तुला लिहितेय. दुसऱ्या कोणाला लिहू?

भोपाळ झालं आणि आपल्याकडच्या मोठ्या लोकांना एकदम आठवलं की मुंबईतही कारखान्यांच्या भिंतीला टेकून माणसं राहतात. मग आपला सर्व्हे निघाला. दोन वस्त्या. एक माहुलच्या वाटेवरची, चिमण्यांच्या सावलीतली. दुसरी बोरिवलीला डोंगराच्या पायथ्याशी, तशीच पत्र्याची, तशीच गरीब, फक्त धुराची नाही. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायचे, त्याच मीटरमध्ये लोकांना फुंकायला लावायचं, आणि माणसांच्या छातीत काही फरक दिसतो का ते बघायचं. फरक दिसला तर माहुलकडच्या वस्तीत छातीचा दवाखाना उघडायचा, असं वर ठरलं होतं. हे वस्तीलाही माहीत होतं. लोक आपल्याला दारात उभं करत होते ते त्या दवाखान्यासाठी, आपल्या तोंडाकडे बघून नव्हे.

साहेब भारी भारी शब्द वापरायचे. मी ते फॉर्मवर उतरवायचे. आणि तू वस्तीत जाऊन म्हणायचीस, "आजी, छाती किती भरतेय ते मोजायचंय. चुलीत फुंकता ना, तशी मारा. पण एकदाच. सासूवरचा सगळा राग काढून!" मग आजी अशी काही फुंकायची की तबकडीवरची सुई बिचारी घाबरून पुढे पळायची. मीटरचं नाव तूच फुंकणी ठेवलंस. महिन्याभरात साहेबही फुंकणी म्हणायला लागले.

खोकल्याच्या नोंदीचंही तेच. साहेबांनी छापील डायऱ्या आणल्या होत्या, घरातल्या बाईने रोज रकाने भरायचे. अर्ध्या बायकांना वाचता येत नव्हतं. मी त्या डायऱ्यांचं काय करायचं याची चिंता करत बसले आणि तू घराघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर वापरायला काढलंस. पोर खोकलं तर त्या तारखेवर कुंकवाचं बोट, धाप लागली तर हळदीचं. विधवा बायका कुंकवाला हात लावेनात, त्यांना चुलीतला कोळसा दिलास. बौद्ध घरांमध्ये कुंकू कसलं म्हणाले, तिथे निळी पेन्सिल. महिनाअखेर मी ती कॅलेंडरं बघत वस्तीतून फिरायचे आणि मला कोणालाही काही विचारावं लागायचं नाही. इतकं चोख काम मी माझ्या नोकरीत परत बघितलेलं नाही. तेव्हा हे तुला सांगितलं नाही. तेव्हा मी म्हटलं होतं, "हळदीचे डाग धुवून निघत नाहीत, माझी साडी खराब झाली." असंच काहीतरी म्हटलं असणार.

माझ्या पहिल्याच दिवशी माझा पाय गटारात गेला आणि चप्पल वाहून गेली, तेव्हा तू तुझ्या चपला माझ्या पायात घातल्यास आणि नाक्यापर्यंत अनवाणी चाललीस. वर म्हणालीस, "कुमुदबाई, ऑफिसातल्या पायांना सवय नसते." ते टोमणे मारणं मला लागायचं. चपला मी दुसऱ्या दिवशी परत केल्या, पण धन्यवाद म्हणायचं राहिलं.

आता मुद्द्याचं. सकाळच्या फुंकेचं.

साहेबांचा नियम होता. रोज वस्तीत निघायच्या आधी ऑफिसातल्या एका धडधाकट माणसाने मीटरमध्ये फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. माणूस तोच, तर सुईही रोज साधारण तिथेच थांबायला हवी. नाही थांबली तर मीटर बिघडलं असं समजायचं. नियम चांगला होता. माझा त्याच्यावर राग नाही. पहिल्या दिवशी साहेबांनी मला पुढे बोलावलं, कारण मी रोज वेळेवर येणारी आणि मुलुंडच्या बऱ्या हवेत राहणारी. मी नळी तोंडात धरली, गाल फुगवले आणि फुंकलं. तीनशे साठ. हेडक्लार्क म्हणाला, "बघा बघा, कुमुदबाईंचे गाल! उकडीचे मोदक!" आणि सगळे हसले. मी नळी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, उद्यापासून हे माझ्याकडून होणार नाही. लग्न न झालेली पस्तिशीची बाई होते मी. पुरुषांसमोर रोज सकाळी गाल फुगवून उभी राहणार नव्हते.

तू पुढे झालीस. "द्या इकडे. मला कुठे कोणाला दाखवून घ्यायचंय!" नवी नळी लावलीस, एक पाय पुढे टाकलास आणि अशी फुंक मारलीस की सुई चारशेतीसवर गेली. त्या दिवसापासून आपल्या मीटरचं माप तू झालीस.

तेव्हा तूही मुलुंडला भावाकडे राहायचीस, माझ्या पुढच्या गल्लीत. पहिलं वर्ष आपण बोरिवली केली. वर्षभर रोज सकाळी चारशेवीस, चारशेतीस, चारशेपंचवीस. वही बघितली तर कंटाळा येईल इतकं सारखं. आणि त्याच वर्षी माहुलकडच्या वस्तीत घरांची यादी करताना आणि मीटर दाखवताना तो सुरेश भेटला, ज्याला नळीत फुंकणंच जमेना. तू तीनदा करून दाखवलंस. चौथ्यांदा मी म्हटलं, "मंदा, या माणसाला सगळं जमतंय." तू लाजलीस. तू लाजलेली मी तेवढी एकदाच बघितली. दिवाळीनंतर लग्न झालं आणि तू त्या वस्तीत राहायला गेलीस, कारखान्याच्या भिंतीपासून चौथ्या घरात.

मी लग्नाला आले होते. सोमवारी ऑफिसात येऊन हजेरीच्या रजिस्टरमध्ये तुझा पत्ता मीच बदलला. मुलुंड खोडलं, वस्तीचं नाव लिहिलं. आणि त्याच सकाळी, शाई वाळायच्या आत, तुला मीटरसमोर उभं करून तुझा आकडा माप म्हणून लिहून घेतला. माप स्वतःच धुरात राहायला गेलंय हे ना साहेबांच्या लक्षात आलं, ना माझ्या. साहेब शिकलेले आहेत, त्यांना विचारायला हवं. पण पत्ता माझ्या हाताने बदलला होता.

दुसऱ्या वर्षी तुझी वस्ती घेतली. पावसाळ्यापर्यंत तुझी सुई चारशेवर आली. मग तीनशे ऐंशी. तीनशे साठ. साहेब तबकडीला टिचकी मारायचे, "स्प्रिंग ढिली पडतेय." तू म्हणायचीस, "हो, फुंकणी म्हातारी झाली." दुरुस्तीला द्यायचं तर काम दोन महिने थांबणार. म्हणून साहेबांनी दुरुस्ती मीटरमध्ये न करता आकड्यांत करायची ठरवली. मंदाची सुई जितकी खाली आली तितकं मीटर कमी दाखवतंय, म्हणून वस्तीतल्या प्रत्येकाच्या आकड्यात तितकं मिळवायचं. मिळवलं मी. मूळ आकडा पेन्सिलीने, सुधारलेला त्याच्याशेजारी शाईने. सुवाच्य अक्षरात. तुला ठाऊक आहे माझं अक्षर.

आणि तो दिवस, ज्या दिवशी आपलं भांडण झालं आणि कधी संपलंच नाही. वस्तीतून परत येत होतो. तू चढावर दोनदा थांबलीस. दुसऱ्यांदा कंपाऊंडला हात टेकून म्हणालीस, "कुमे, तू उद्या एकदा मार ना फुंक."

"मी? कशाला?"

"अगं तुझी पहिल्या दिवसाची आहे ना वहीत. तीनशे साठ. तेवढीच आली तर फुंकणी ठीक. मग लोच्या माझ्यात."

मी काय म्हणाले आठवतंय? मला आठवतं. "हो, आणि पुन्हा सगळ्यांना मोदक दाखवू? वेड लागलंय का मंदा? तुला काय धाड भरलीय!"

तू हसलीस आणि म्हणालीस, "तेपण आहे." आणि चालायला लागलीस. आठ दिवस तू माझ्या डब्यातलं लोणचं खाल्लं नाहीस.

पण मंदा, तूही काही कमी नाहीस. मी आज तुझ्यावरही चिडलेय आणि मेलेल्या माणसावर चिडायचं नसतं हे मला कोणी शिकवू नये. तुला कळलं होतं. तू साहेबांना जाऊन का नाही सांगितलंस? एखाद्या इस्पितळात जाऊन दुसऱ्या मीटरवर फुंकून का नाही बघितलंस? सगळ्या वस्तीला तोंड वर करून प्रश्न विचारणारी तू, स्वतःच्या बाबतीत मूग गिळून बसलीस. रोजंदारीवरची बाई धापा टाकते असं कळलं तर पहिल्या तारखेला घरी बसवतील, ही भीती होती ना? माहितेय मला. पण मला तरी नीट सांगायचंस. एकदा विचारलंस आणि सोडून दिलंस. मी नाही म्हणाले की तू माझं कधी ऐकायचीस? नेमकं त्याच दिवशी ऐकलंस.

अहवालात फरक दिसला नाही. कसा दिसणार? बोरिवलीच्या छात्या होत्या तशा, आणि तुझ्या वस्तीच्या छात्या मी शाईने फुगवलेल्या. कॅलेंडरांवरचं कुंकू आणि हळद "लोकांच्या सांगण्यावर आधारलेली माहिती" म्हणून मागच्या पानांवर गेली. मीटर खोटं बोलत नाही, बायका बोलतात, असा एकूण अर्थ. दवाखाना मंजूर झाला नाही.

शाळेच्या हॉलमध्ये साहेबांनी वस्तीला ते वाचून दाखवलं, तेव्हा तू माझ्याशेजारी होतीस. सगळं संपल्यावर तीच आजी उठली, सासूवरचा राग काढणारी. साहेबांना काही बोलली नाही. तुला म्हणाली, "मंदे, तू सांगितलंस म्हणून फुंकलं. तुझ्या भरवशावर फुंकलं. आता तूच सांग, आमचा खोकला काय नाटक आहे?" तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस आणि तुलाच खोकला आला. थांबेना. दोन-चार लोक हसले. त्यांना वाटलं, तू विषय टाळतेयस.

महिन्याभराने मीटर दुरुस्तीहून परत आलं. सोबत चिठ्ठी. एक ओळ. "तपासले, दोष आढळला नाही." मी साहेबांना दाखवली. ते म्हणाले, "या लोकांनी उघडून बघितलं तरी असेल का?" आणि मी चिठ्ठीला भोक पाडून ती फायलीत लावली. त्या दिवशी मला कळलं होतं, मंदा. पुरतं कळलं होतं. तुझं काम तोवर संपलं होतं, तू घरी होतीस, बसने अर्ध्या तासावर. मी आले नाही. आले असते तर मला ते सांगावं लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं, सणवार होऊन जाऊ देत. मग सांगितलं, तिला बरं वाटलं की जाऊ. मग सुरेशने तुला हवापालटाला मालवणकडे तुझ्या आईकडे पोचवलं. तिथे समुद्राची हवा, तू बरी होऊन येशील असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणाले असेन.

पिशवीत पुठ्ठ्याच्या नळ्यांचं अर्धं पाकीट होतं, आवळासुपारीची पुडी होती, आणि सकाळची वही. ती वही मी ऑफिसभर शोधत होते. तू घरी नेली होतीस तर.

तू तुझ्या आकड्यांच्या शेजारी कुंकवाची बोटं लावली आहेस. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, आधी वाटलं कसले डाग पडलेत. लग्नानंतर तीन महिन्यांनी पहिलं बोट. मग आठवड्यातून दोन. मग हळद. शेवटच्या पानांवर रोजच दोन्ही आहे. तुझी स्वतःची खोकल्याची डायरी, तूच वस्तीला शिकवलेल्या पद्धतीने, माझ्या रोजच्या आकड्यांच्या काठावर लिहिलेली. आणि मी काय केलं? मी त्याच पानांवर रोज पेन्सिल चालवली होती. ही बोटं तू नंतर घरी बसून आठवून लावलीस की तेव्हाच सकाळी माझी पाठ वळल्यावर, हे मला कधीच कळणार नाही. पहिल्या पानावर माझ्या तीनशे साठभोवती तू पेन्सिलीने गोल काढला आहेस. बाकी काही लिहिलेलं नाहीस.

दोन दिवस मी वस्तीच्या फॉर्मवरचे पेन्सिलीचे आकडे घेऊन बसले. शाईकडे बघितलंच नाही. सगळी कोष्टकं पुन्हा केली. फरक दिसतो मंदा. आंधळ्यालाही दिसेल इतका. ती आजी बरोबर होती, कॅलेंडरं बरोबर होती, तू बरोबर होतीस.

कागद घेऊन आज सकाळी साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "हे सगळं मीटर ठीक होतं असं धरलं तर. ते आता कसं सिद्ध करणार?" मी म्हटलं, "कपाट उघडा." त्यांनी उघडलं. मी तुझ्या पाकिटातली एक नळी काढून लावली. सगळे बघत होते. हेडक्लार्क खुर्चीतून उठून दारात आला. मी एक पाय पुढे टाकला, तू टाकायचीस तसा, गाल फुगवले आणि फुंकलं.

तीनशे पंचावन्न. इतक्या वर्षांनी पाच कमी. तेवढं तर माझंच वय झालं.

साहेबांनी सुईकडे बघितलं, मग वहीच्या पहिल्या पानाकडे. "ठेवा कागद," म्हणाले. "वर पाठवतो." पाठवतील किंवा नाही पाठवणार. नाही पाठवले तर मी स्वतः घेऊन जाणार आहे, आणि आधी त्या आजीकडे जाणार आहे. त्याने तुझी छाती भरणार नाही. माफी मागत नाही, कारण तू ती देऊन टाकशील आणि मला ती नकोय.

पण एक सांगायचं राहिलं. हेडक्लार्क हसला गं. "मोदक अजून तसेच आहेत," म्हणाला. दोघं-तिघं आणखी हसले. मग फोन वाजला, कोणीतरी टपाल मागितलं, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. मी घड्याळाकडे बघितलं. एक मिनिटही झालं नव्हतं.